ब्रेक्झिटनंतर पोलिसांच्या दप्तरातलं आपलं नाव: कुठे आणि कसं विचारायचं

एका युरोपीय देशाच्या सीमातपासणीवर मला एकदा बाजूच्या खोलीत बसवलं. पाऊण तास. नवरा आणि मुलगी काचेपलीकडे, पासपोर्ट कुणाच्या तरी हातात, आणि माझ्या डोक्यात गेल्या दहा वर्षांत भरलेल्या-न भरलेल्या सगळ्या पार्किंग दंडांची उजळणी. शेवटी अधिकारी म्हणाला, "तुमच्यासारख्या नावाची एक नोंद आहे, पण ती तुम्ही नाही. जा." कुठली नोंद, कुणाची, पुढच्या खेपेला पुन्हा असंच होणार का, हे त्याने सांगितलं नाही. मलाही तेव्हा विचारायचं सुचलं नाही.

त्याच सुमारास नेदरलँड्समधल्या एका नोकरीसाठी माझ्याकडे ब्रिटनच्या पोलिसांचा दाखला मागितला गेला. दोन्ही कामं निस्तरायला सात महिने लागले आणि त्यातले निम्मे चुकीच्या दारात उभं राहण्यात गेले. ते तुमचे जाऊ नयेत म्हणून हा खटाटोप. ब्रिटनमध्ये भारतीय पासपोर्टवर राहणारे, ब्रिटिश नागरिक झालेले, आणि गोव्याहून पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडन-साउथॉलला स्थायिक झालेले, अशा तिघांनाही हे लागू आहे. फरक जिथे पडतो तिथे सांगते.

एक आधीच स्पष्ट करते. तुमच्या नावावर खरोखर वॉरंट असेल किंवा प्रत्यार्पणाचा विषय असेल, तर हा लेख मिटवा आणि वकील गाठा.

१. आधी समजून घ्या: दप्तर एक नाही

३१ डिसेंबर २०२० च्या रात्री ११ वाजता (ब्रिटनच्या घड्याळात) ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ संपला. बऱ्याच जणांना वाटतं, त्या रात्रीपासून ब्रिटन आणि युरोपच्या पोलिसांमधली देवाणघेवाण थांबली. काहींना वाटतं, काहीच बदललं नाही. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि अर्ज चुकीच्या ठिकाणी जातात ते या समजांमुळेच.

पूर्ण बंद झालं ते शेंगेनच्या (एकमेकांच्या सीमांवर पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाच्या) माहिती प्रणालीचं, म्हणजे एसआयएसचं दार. हरवलेली माणसं, चोरीच्या गाड्या, हवे असलेले आरोपी, प्रवेशबंदी असलेले परदेशी, अशा नोंदींचं हे सामायिक दप्तर. मूळ यंत्रणा फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला, राखीव ऑस्ट्रियात, आणि कारभार एस्टोनियातल्या टालिनच्या संस्थेकडे. ब्रिटन त्यात २०१५ मध्येच आला होता, पण २०१९ या एका वर्षात ब्रिटिश पोलिसांनी ते तब्बल ६० कोटींहून जास्त वेळा तपासलं. रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या साध्या शिपायालाही ते दिसायचं. आता दिसत नाही. त्याऐवजी इंटरपोलच्या सूचनांवर काम चालतं. म्हणजे युरोपीय देशाने एसआयएसमध्ये नोंद केली, तरी ती ब्रिटनला कळायची असेल तर इंटरपोलमार्फत वेगळी पाठवावी लागते.

यातली गंमत बघा. लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात युरोस्टार पकडताना फ्रेंच सीमा पोलिस तुमचा पासपोर्ट तिथेच, ब्रिटनच्या भूमीवर तपासतात. त्यांच्या पडद्यावर एसआयएस असतं. चार पावलांवर उभ्या ब्रिटिश पोलिसाकडे ते नसतं.

चालू राहिलं ते असं. व्यापार आणि सहकार्य करारात (डिसेंबर २०२०चा, १ मे २०२१ पासून पूर्ण लागू) पोलिस आणि न्यायालयीन सहकार्याचा एक अख्खा भाग आहे. त्यानुसार डीएनए आणि बोटांच्या ठशांची तुलना चालते. तिला जर्मनीतल्या एका गावावरून प्र्युम व्यवस्था म्हणतात. विमान प्रवाशांच्या आरक्षणाची माहिती जाते. शिक्षा झाल्याच्या नोंदींचीही देवाणघेवाण होते. युरोपोलमध्ये, म्हणजे युरोपीय संघाच्या पोलिस संस्थेत, ब्रिटन सदस्य नाही, पण हेगला त्याचे संपर्क अधिकारी बसतात. युरोपीय अटक वॉरंट गेलं, त्याच्या जागी करारातलं नवं वॉरंट आलं. मात्र काही देश आपले नागरिक ब्रिटनच्या हवाली करत नाहीत. जर्मनीच्या राज्यघटनेतच तशी अट आहे.

थोडक्यात, आपल्याकडच्यासारखी एक खिडकी योजना इथे नाही. प्रत्येक दप्तराची खिडकी वेगळी, कारकून वेगळा, अर्जही वेगळा.

२. तुमचा प्रश्न नेमका कोणता ते कागदावर लिहा

हसू नका, खरंच लिहा. मी हे केलं नाही म्हणून तीन महिने गेले.

- नोकरी, व्हिसा किंवा नागरिकत्वासाठी स्वच्छ वर्तनाचा दाखला हवा असेल तर पायरी ४ आणि ५.
- ब्रिटिश पोलिसांकडे माझ्याबद्दल काय लिहिलंय, हे बघायचं असेल तर पायरी ६.
- शेंगेन सीमेवर अडवलं असेल तर पायरी ७ आणि ८.
- भारतातल्या एखाद्या प्रकरणामुळे काळजी असेल तर पायरी ९.

मी काय केलं होतं? शेंगेन सीमेवर अडवलं म्हणून ब्रिटिश पोलिसांना पत्र लिहिलं. महिन्याने अत्यंत सभ्य उत्तर आलं: आमच्याकडे तुमच्याबद्दल काही नाही. बरोबरच होतं. नोंद त्यांची नव्हतीच, आणि दुसऱ्याचं दप्तर त्यांना दिसतही नव्हतं.

३. कागदपत्रं जमवा, आणि नावाचा घोळ आधी मिटवा

- चालू पासपोर्टची रंगीत प्रत, आणि जुने पासपोर्ट असतील तर त्यांच्याही
- ई-व्हिसा किंवा निवास परवान्याचा पुरावा
- सध्याच्या पत्त्याचे दोन पुरावे (बँक पत्रक, कौन्सिल टॅक्सचं बिल)
- मागच्या दहा वर्षांच्या पत्त्यांची यादी, राहायला आल्या-गेल्याच्या महिन्यांसह
- पासपोर्ट मापाचा फोटो
- लग्नाचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र
- सीमेवर काही कागद हातात दिला असेल तर तो. नसेल तर तारीख, वेळ, ठिकाण आणि विमान वा गाडीचा क्रमांक

आता नाव. आपल्याकडे नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, आडनाव अशी तीन घरं. बऱ्याच ब्रिटिश अर्जांत घरं दोनच. कुणी मधलं नाव पहिल्या घरात घालतं, कुणी गाळतं. लग्नानंतर मधलंही बदलतं आणि शेवटचंही. सातबाऱ्यावर 'पाटील'चं स्पेलिंग वेगळं, बँकेत वेगळं, पासपोर्टवर तिसरंच. सारख्या नावाच्या माणसाशी गल्लत होण्याची सुरुवात इथेच होते. म्हणून आजवर कुठल्याही सरकारी कागदावर आलेली सगळी रूपं एका पानावर लिहून ठेवा आणि अर्जात 'इतर नावं' या रकान्यात ती सगळी द्या. लपवण्यासारखं काही नसलं की लोक हा रकाना रिकामा सोडतात. तसं करू नका.

गोव्याच्या मंडळींना हा ताप दुप्पट. पोर्तुगीज काळच्या नोंदवहीत 'शिरोडकर' एक्सने सुरू व्हायचे आणि कितीतरी घराण्यांच्या आडनावाआधी 'सिनाय' असायचं. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या मुलानातवंडांनी त्या नोंदीवरून पोर्तुगीज नागरिकत्व घेतलं की पोर्तुगीज कागदावर एक रूप, जुन्या भारतीय पासपोर्टवर दुसरं. स्विंडनच्या माझ्या फोंडेकर मैत्रिणीने दोन्ही रूपं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रमाणपत्र करून घेतलं आणि ते प्रत्येक अर्जाला जोडलं. तिचा एकही अर्ज परत आला नाही. माझे दोन आले.

४. ब्रिटनचा पोलिस दाखला काढा

हा दाखला अ‍ॅक्रो नावाचं कार्यालय देतं. अर्ज ऑनलाइन करायचा, शुल्क भरायचं, कागद चढवायचे. तुम्ही ब्रिटन सोडून गेला असाल तरी परदेशातून अर्ज करता येतो. नेहमीची आणि तातडीची अशा दोन सेवा आहेत. शुल्क बदलत राहतं, म्हणून भरण्याच्या दिवशीच बघा.

तीन सापळे:

पहिला, डीबीएस आणि पोलिस दाखला एकच समजणं. डीबीएस म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची तपासणी, ती इंग्लंड-वेल्समधल्या नोकरीसाठी असते. परदेशी सरकार बहुतेक वेळा अ‍ॅक्रोचा दाखला मागतं. माझ्याकडे शाळेतल्या कामासाठी काढलेलं डीबीएस होतं. मी ते आत्मविश्वासाने पाठवलं आणि दोन आठवड्यांनी ते तितक्याच आत्मविश्वासाने परत आलं.

दुसरा, दलालांची संकेतस्थळं. दिसायला सरकारी, शुल्क दुप्पट, आणि करतात काय, तर तुमचाच अर्ज पुढे भरतात.

तिसरा सापळा शब्दांचा. काहीच नोंद नसेल तर दाखल्यावर 'नो ट्रेस' येतं. 'नो लाइव्ह ट्रेस' आलं तर हरखून जाऊ नका. त्याचा अर्थ, कधीतरी काहीतरी नोंद होती आणि नियमाप्रमाणे ती आता दाखल्यावर दाखवली जात नाही. काही वकिलाती यावर पुढचा खुलासा मागतात. असं उत्तर आलं तर आधी पायरी ६ करा, म्हणजे विचारणाऱ्याच्या आधी तुम्हाला कळेल.

भारतीय पासपोर्टवाल्यांकडेच हा कागद हटकून का मागतात, असं मला वाटायचं. कारण कळलं तेव्हा राग थोडा निवला. शिक्षेच्या नोंदींची देवाणघेवाण नागरिकत्वावर चालते. पोर्तुगीज नागरिकाला ब्रिटनमध्ये शिक्षा झाली तर ब्रिटन पोर्तुगालला कळवतो, महिन्यातून किमान एकदा. विचारणा आली तर उत्तर २० कामाच्या दिवसांत द्यायचं असतं. आपण भारतीय, म्हणजे या वाटेवर आपला 'मूळ देश'च नाही. मग माहिती मिळवायचा सोपा मार्ग एकच, आपल्यालाच दाखला आणायला सांगणं.

भारतात राहिलेल्या वर्षांसाठी भारताचं पीसीसीही (पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट) लागेल. ते परदेशात असाल तर तिथल्या भारतीय वकिलातीमार्फत मिळतं. पासपोर्टवरचा पत्ता जुना असला की पडताळणी गावच्या पोलिस ठाण्यात जाते, तेव्हा घरच्यांना आधी फोन करून ठेवा.

५. अपोस्टिल आणि भाषांतर

ब्रेक्झिटचा सर्वात थेट चटका मला इथे बसला. युरोपीय संघातल्या देशांमध्ये २०१९ पासून नियम आहे की एका देशाचा गुन्हे नसल्याचा दाखला दुसऱ्या देशात अपोस्टिलशिवाय (कागद खरा असल्याच्या सरकारी शिक्क्याशिवाय) चालतो, आणि सोबत बहुभाषी नमुना जोडला की सहसा भाषांतरही लागत नाही. ब्रिटन बाहेर पडला आणि ब्रिटिश दाखल्यांची ही सवलत गेली.

म्हणून दाखला हातात आल्यावर तो ब्रिटिश परराष्ट्र खात्याच्या अपोस्टिल विभागाकडे पाठवा. मगच, मागणाऱ्याला हवं असेल तर, त्या देशात मान्यता असलेल्या शपथबद्ध अनुवादकाकडून भाषांतर करून घ्या. क्रम उलटा करू नका. अपोस्टिलच्या शिक्क्याचंही भाषांतर मागतात, आणि आधीच भाषांतर केलं असेल तर पैसे दोनदा जातात. भारतात काढलेल्या पीसीसीचं अपोस्टिल भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं, ब्रिटनकडून नाही.

आणि दाखला किती जुना चालेल, हे मागणाऱ्याकडून लेखी घ्या. काही ठिकाणी तीन महिने, काही ठिकाणी सहा. अपोस्टिल व्हायला लागणारा वेळ त्यातच जातो.

६. ब्रिटिश पोलिसांकडची स्वतःची नोंद मागवा

२०१८ च्या डेटा संरक्षण कायद्याचा तिसरा भाग पोलिसांकडच्या माहितीबद्दल आहे. त्यानुसार तुमच्याबद्दल काय साठवलंय हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि तो फुकट आहे. उत्तराची मुदत एक महिना.

पोलिस राष्ट्रीय संगणकावरची (पीएनसी) माहिती हवी असेल तर अर्ज अ‍ॅक्रोकडे. एखाद्या ठाण्यातली तक्रार, जबाब, शेजाऱ्याशी झालेल्या भांडणाची नोंद वगैरे हवं असेल तर त्या भागातल्या पोलिस दलाकडे. ही दोन वेगळी दप्तरं आहेत. अर्जात 'माझ्याबद्दल सगळं द्या' लिहू नका. काळ, ठिकाण, घटना लिहा. तपासाला बाधा येईल असं काही असेल तर ते ती माहिती रोखू शकतात, आणि कधी कधी 'आहे' किंवा 'नाही' हेही सांगत नाहीत.

एक गोष्ट ठळक लक्षात ठेवा. मालक किंवा एजन्सी म्हणाली, "दाखल्याचे पैसे कशाला घालवता, ही फुकटची नोंद मागवून आम्हाला द्या," तर नकार द्या. नोकरीसाठी असा आग्रह धरणं त्याच कायद्याच्या कलम १८४ खाली गुन्हा आहे. या कागदावर दाखल्यात कधीच न येणाऱ्या जुन्या गोष्टीही असतात. मला एका एजन्सीने अगदी गोड आवाजात हेच सुचवलं होतं. मी कलमाचा आकडा सांगितला आणि विषय बदलला.

७. शेंगेनच्या दप्तरात विचारा

सीमेवर अडवलेल्यांनी मुख्यतः हे करायचं. एसआयएसमध्ये आपली नोंद आहे का, हे कुठल्याही देशाचा नागरिक विचारू शकतो. शुल्क नाही, वकील लागत नाही, शेंगेनमध्ये राहत असण्याचीही अट नाही. ब्रिटनमध्ये बसून अर्ज करता येतो.

हे दप्तर वापरणाऱ्या कोणत्याही देशाकडे अर्ज चालतो. पण जिथे अडवलं त्याच देशाकडे करा. तिथल्या अधिकाऱ्याला घटनेचा माग काढणं सोपं जातं. काही देशांत थेट पोलिसांकडे, काही देशांत माहिती संरक्षण प्राधिकरणामार्फत अर्ज जातो. जर्मनीत तो वीसबाडेनच्या संघीय गुन्हे पोलिस कार्यालयाकडे. प्रत्येक देशाच्या प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर नमुना पत्र असतं. त्यात तुमचं नाव (सगळी रूपं), जन्मतारीख, जन्मठिकाण, नागरिकत्व लिहा, सही करा, पासपोर्टची प्रत जोडा. सही विसरलेला अर्ज बेवारस पडून राहतो. माझा पहिला तसाच पडला.

नोंद करणारा देश वेगळा निघाला, तर उत्तर देणाऱ्याला आधी त्याचं मत विचारावं लागतं. उशीर होतो तो इथे. उत्तरात 'तुम्हाला कळवता येईल अशी माहिती नाही' असं मोघम वाक्य असू शकतं. खरोखर काही नसेल तरी हेच आणि लपवायचं असेल तरी हेच. त्याने खचू नका, पण सीमेवर वारंवार अडवत असतील तर त्या उत्तराची प्रत जोडून माहिती संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करा.

नावाच्या साधर्म्यामुळे अडवत असतील तर दुरुस्तीच्या अर्जात स्पष्ट लिहा: 'मी ती व्यक्ती नाही, गल्लत टाळण्यासाठी माझी ओळख नोंदीशी जोडावी.' अशी सोय त्या प्रणालीत आहे, पण ती मुख्यतः ओळखीचा गैरवापर झालेल्यांसाठी. त्यासाठी तुमची संमती आणि तुमची माहिती द्यावी लागते, हे मात्र मनाशी ठरवूनच करा. मी आठवडाभर विचार केला. ज्या दप्तरातून बाहेर राहायचं, त्यातच आपण होऊन आपले ठसे द्यायचे, हे पचायला वेळ लागतो. शेवटी दर वेळी पाऊण तास काचेआड बसण्यापेक्षा ते बरं, असं ठरवलं.

८. सीमेवरचं नवं दप्तर

१२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनमध्ये ईईएस, म्हणजे बाहेरच्या प्रवाशांच्या येण्याजाण्याची नोंद ठेवणारी यंत्रणा, सुरू झाली. ब्रिटिश पासपोर्टवाल्यांचा फोटो आणि चार बोटांचे ठसे घेतात. आपल्यासारख्या शेंगेन व्हिसावाल्यांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात, म्हणून फोटोवर भागतं. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत. नोंद तीन वर्षं राहते. बाहेर पडल्याची नोंद झाली नाही तर पाच वर्षं. तेव्हा निघताना शिक्का नसला तरी बोर्डिंग पास जपून ठेवा. कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहण्याचा हिशोब आता यंत्र करतं.

उलट दिशेने, ब्रिटनमधला स्थायिक किंवा पूर्व-स्थायिक दर्जा नसलेल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांना एप्रिल २०२५ पासून ब्रिटनला येण्याआधी ईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) घ्यावं लागतं. गोव्याहून भेटीला येणाऱ्या भाच्याला हे सांगून ठेवा. त्याला अजून २०१९ सालच चालू आहे असं वाटतं.

९. इंटरपोल आणि भारतातली भीती

कौटुंबिक खटला किंवा धनादेशाचं प्रकरण भारतात चालू असलं की लोक दोन गोष्टींची सरमिसळ करतात. लुक आउट सर्क्युलर (एखाद्याला येता-जाता अडवण्याची सूचना) हे भारताचं स्वतःचं, भारताच्या विमानतळांवर चालणारं. रेड नोटीस, म्हणजे हव्या असलेल्या माणसाला शोधून ताब्यात घेण्याची विनंती, इंटरपोलची. भारतातून ती सीबीआयमार्फत मागितली जाते. एकाचा अर्थ दुसरी असा होत नाही. खासगी किंवा कौटुंबिक वादातून निघालेल्या गुन्ह्यांसाठी रेड नोटीस देऊ नये, असा इंटरपोलचा नियमच आहे.

इंटरपोलच्या संकेतस्थळावर नाव नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. बहुतेक रेड नोटिसा तिथे प्रसिद्धच होत नाहीत. खात्री करायची तर इंटरपोलच्याच, फ्रान्समधल्या लियोंच्या फाइल नियंत्रण आयोगाकडे अर्ज करा. तो फुकट आहे, इंग्रजीत चालतो, ओळखपत्राची प्रत आणि सही लागते. अर्ज ग्राह्य धरल्यापासून माहितीच्या अर्जाचा निर्णय चार महिन्यांत, नोंद काढून टाकण्याच्या अर्जाचा नऊ महिन्यांत अपेक्षित असतो. खटला खरोखर चालू असेल तर हा अर्जही वकिलाला दाखवूनच पाठवा.

१०. उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं तर

आधी त्याच कार्यालयाकडे लेखी तक्रार, मग ब्रिटनमध्ये माहिती आयुक्तांकडे, युरोपात त्या देशाच्या प्राधिकरणाकडे. भारतातल्या सवयीने थेट वर पत्र लिहिलंत तर ते फिरून खालीच येतं.

युरोपातून ब्रिटनला पोलिसी माहिती पाठवता येते ती युरोपीय आयोगाच्या २८ जून २०२१ च्या निर्णयाच्या आधारावर. ब्रिटनचा माहिती संरक्षण कायदा पुरेसा आहे, असं त्यात मान्य केलंय, आणि पोलिसी माहितीबाबत असा हा पहिलाच निर्णय. तो मुदतबंद केला होता. चार वर्षांची मुदत २०२५ मध्ये सहा महिन्यांनी वाढवली, आणि डिसेंबर २०२५ मध्ये निर्णयाचं नूतनीकरण झालं. म्हणून जुनी उत्तरं वाचून अर्ज लिहिण्यापूर्वी त्या घडीचा नियम बघा.

माझं उत्तर पाचव्या महिन्यात आलं. एक पान, दोन वाक्यं, माझ्या नावावर नोंद नाही. त्याची लॅमिनेट केलेली प्रत पासपोर्टच्या कव्हरमध्ये असते. मागच्या दिवाळीत त्याच सीमेवर अधिकाऱ्याच्या पडद्यावर पुन्हा काहीतरी लुकलुकलं. मी न बोलता ते पान पुढे सरकवलं. त्याने संदर्भ क्रमांक बघितला, कुठेतरी फोन केला, आणि चार मिनिटांत पासपोर्ट परत दिला. मुलीने घड्याळ लावलं होतं.